डोरोथी ऑस्बर्नची पत्रे आणि त्यांच्या घरगुती नकला

डोरोथी ऑस्बर्न (१६२७–१६९५) हिने विल्यम टेम्पल याला लग्नापूर्वी लिहिलेली ७७ पत्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यापूर्वी दोनशेहून अधिक वर्षे ती घराण्यातच राहिली, आणि ती पूर्णपणे वाचकांसमोर येण्याचे श्रेय त्याच घरातल्या एका बाईने हाताने उतरवून काढलेल्या नकलेला जाते.

१६४८ साली आइल ऑफ वाइट बेटावर दोघांची भेट झाली. इंग्लंडात तेव्हा राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी चालू होती. डोरोथीचे वडील सर पीटर राजपक्षाचे, ग्वेर्नसी बेटावरचा कॅसल कॉर्नेट किल्ला त्यांनी राजासाठी लढवलेला. यादवीने घराची दौलत आटली होती, त्यामुळे मुलीने श्रीमंत स्थळ पाहावे असे घरच्यांना वाटे. टेम्पलच्या वडिलांनाही हे लग्न नको होते. एक स्थळ तर पार्लमेंटपक्षाचा पुढारी ऑलिव्हर क्रॉमवेल याच्या मुलाचे आले होते. बेडफर्डशरमधल्या चिकसँड्सच्या घरातून डोरोथी दर आठवड्याला सामानवाहकाच्या हाती लंडनला पत्र धाडी. एकदा तिच्या भावाने त्या वाहकाला वाटेत गाठून पत्रे मागितली. वाहक म्हणाला, माझ्याकडे नाहीत. भावाने पुन्हा घोडा पिटाळून त्याला गाठले, धमकावले. पण त्या गरीब माणसाने पत्र काही दिले नाही. हा प्रसंग डोरोथीनेच टेम्पलला लिहून कळवला आहे. या पत्रांची पहिली राखण त्या वाहकाने केली, असेच म्हणायला हवे.

वडील १६५४ मध्ये वारले. लग्न ठरले आणि डोरोथीला देवी आल्या. त्यातून ती उठली, आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी दोघे विवाहबद्ध झाले. टेम्पल पुढे नामांकित मुत्सद्दी झाला, आणि त्याच्या नावामुळेच घरातले कागद जपले गेले. डोरोथीची सगळी मुले तिच्याआधी गेली. मुलगा जॉन याच्या दोन मुली मागे राहिल्या. त्यांतली एक सफोकमधल्या बेकन घराण्यात पडली. बेकनांकडून कागद कॉडनहॅम गावच्या लाँग कुटुंबाकडे आले.

१८३६ साली टी. पी. कोर्टनी यांनी टेम्पलचे चरित्र लिहिले तेव्हा या पत्रांतले वेचक उतारे पुरवणीत घातले. नवऱ्याच्या चरित्राची पुरवणी, एवढीच त्यांना जागा मिळाली. इतिहासकार मेकॉले यांनी १८३८ मध्ये त्या चरित्राचे परीक्षण करताना मात्र डोरोथीची मनापासून तारीफ केली आणि उतारे आणखी हवे होते असे म्हटले.

पत्रे पुरी उजेडात आणण्याचे काम केले कॉडनहॅमच्या लाँग कुटुंबातल्या सेरा रोझ लाँग यांनी. मूळ पत्रे घरातच असल्याने त्यांनी ती एकेक करून नकलून काढली. काम सोपे नव्हते. डोरोथीचे शुद्धलेखन सतराव्या शतकातले, विरामचिन्हे जवळपास नाहीत, आणि बहुतेक पत्रांवर तारीखच नाही. पत्रांचा क्रम लावायचा तर आतल्या मजकुरातूनच: कोण आजारी आहे, कोणती कादंबरी वाचून झाली, कोणते स्थळ नुकतेच परत गेले. एडवर्ड अ‍ॅबट पॅरी या वकिलाने १८८६ मध्ये डोरोथीवर एक लेख लिहिला. तो वाचून लाँगबाईंनी आपली नक्कल त्याला देऊ केली. तिच्यावरून १८८८ मध्ये पॅरीची आवृत्ती निघाली. तीत शुद्धलेखन त्या काळाच्या वाचकाला सोयीचे करून घेतले होते. त्यात डोरोथीच्या लेखणीची मूळ चाल थोडी हरवली; पण पत्र बोलण्यासारखे मोकळे असावे, हा तिचा आग्रह पॅरीच्या पानांतही जाणवतो, आणि सामान्य वाचकाला ती याच पुस्तकातून भेटली.

मूळ पत्रे १८९१ मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतली; त्याचा ग्रंथसंग्रह पुढे ब्रिटिश लायब्ररीत गेला. अभ्यासक जी. सी. मूर स्मिथ यांनी मूळ पत्रे समोर ठेवून १९२८ साली डोरोथीच्याच शुद्धलेखनासह नवी आवृत्ती काढली. टेम्पलने लग्नापूर्वीच्या काळात तिला लिहिलेल्या पत्रांपैकी एकच उरले आहे.