पाणी कमी पडलंय की जास्त झालंय?

उन्हातल्या लांब सायकल शर्यतीत डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं आणि गळून जाणं या तक्रारी दोन उलट कारणांनी होतात. एकात शरीरातलं पाणी घटलेलं असतं. दुसऱ्यात पाणी गरजेपेक्षा जास्त प्यायल्यामुळे रक्तातलं सोडियम लिटरमागे 135 मिलिमोलच्या खाली उतरलेलं असतं. पहिल्यात बाटली हाच उपाय, दुसऱ्यात तीच बाटली जिवावर बेतू शकते.

सगळ्यात भरवशाचा पुरावा वजनकाट्यावर मिळतो. वजन दोन टक्क्यांहून जास्त उतरलंय, तोंड कोरडं आहे, उभं राहिलं की अंधारी येते आणि आडवं होऊन पाय वर घेतल्यावर बरं वाटतं, तर पाणी कमी पडलंय. वजन तेवढंच आहे किंवा वाढलंय, अंगठी रुततेय, ग्लोव्हच्या पट्ट्याचा वळ उठलाय, पोट डबडबलंय आणि झोपूनही डोकं ठणकतंय, तर संशय सोडियमचा घ्या. लघवीच्या रंगावर मात्र विसंबू नका. दीर्घ श्रमात व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावतं, त्यामुळे दोन्हींत लघवी थोडी आणि गडद होऊ शकते.

गफलत होते ती ठरावीक माप सगळ्यांना लावल्याने. सरावात तासभर शर्यतीच्या वेगाने चालवा. आधी आणि नंतर, घाम पुसून, कपड्यांविना वजन करा. 70 किलोचा सायकलपटू 600 ग्रॅमने उतरला आणि मध्ये 500 मिली प्यायला, तर त्याचा घाम तासाला 1.1 लिटर. पाच तासांत 5.5 लिटर, त्यातली वजनाच्या दोन टक्के, म्हणजे 1.4 लिटरची तूट चालते. म्हणून त्याला तासाला साधारण 800 मिली पुरे. आता तेच 800 मिली मागे रमतगमत येणाऱ्याने प्यायले, ज्याचा घाम तासाला 500 मिलीच आहे, तर सात तासांत दोन लिटरहून जास्त पाणी वरचं होतं. धोका पुढच्या गटापेक्षा या मागच्यांनाच जास्त, आणि त्यांच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं.

क्षारांचं पेय घेतलं म्हणजे सुटलो, हाही गैरसमजच. त्यात सोडियम सहसा लिटरमागे 20 ते 25 मिलिमोल, रक्तात 135 ते 145. जास्त प्यायलं तर तेही रक्त पातळच करतं. शर्यतीत आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं टाळा. त्यांच्यामुळे पाणी आणखी अडून राहतं.

पाणी कमी पडलेल्याला सावलीत घोटघोट द्या. कुणाचंही बोलणं असंबद्ध झालं तर तोंडाने काहीच देऊ नका, वैद्यकीय मदत बोलवा. तिथे आधी गुदद्वारातलं तापमान बघायला हवं: 40 अंशांच्या वर असेल तर तो उष्माघात, तेव्हा बर्फाच्या पाण्यात लगेच बुडवायचं. तापमान तेवढं नसेल तर सोडियम मोजायचं. ते घसरलेलं निघालं तर डॉक्टर 3 टक्क्यांचं तीव्र सलाईन 100 मिलीच्या मात्रेने शिरेतून देतात. साधं सलाईन अशा वेळी मेंदूची सूज वाढवू शकतं.