घर्षणातून वीज : कोरड्या पेटीत ठरलेली क्रमवारी आणि मुंबईची दमट हवा

कोणता पदार्थ घासल्यावर धन होतो आणि कोणता ऋण, याची पहिली क्रमवारी 1757 सालची. विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पदार्थाला ‘इलेक्ट्रेट’ हे नाव 1885 मध्ये मिळालं, आणि 1960च्या दशकात भारित टेफ्लॉन फिल्मचे मायक्रोफोन आले. घर्षणातून वीज काढणारी छोटी जनित्रं बनवण्याची खरी धावपळ सुरू झाली ती 2012 पासून. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने पॉलिएस्टर आणि पॉलिइमाइड या दोन प्लास्टिकच्या फिल्म एकमेकींवर ठेवल्या, त्यांच्या पाठींना धातूचा मुलामा दिला आणि त्या वाकवून-सोडून सुमारे 3.3 व्होल्टचं शिखर गाठलं. पुढच्या काही वर्षांत आकडे झपाट्याने चढले. आयनांचा, म्हणजे भारित अणू-रेणूंचा, मारा करून फिल्मवर आधीच भार बसवणं सुरू झालं. 2017 मध्ये निर्वातात दर चौरस मीटरला 1000 मायक्रोकुलोंबच्या वर भारघनता (ठरावीक क्षेत्रफळावर साठलेला भार) मिळाली, कारण हवा नसली की भाराची ठिणगी पडून गळती होत नाही.

आता वादाचा मुद्दा. 2019 मध्ये पन्नासहून अधिक पॉलिमरची (प्लास्टिक, रबरासारख्या लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थांची) मोजून केलेली क्रमवारी प्रसिद्ध झाली. प्रत्येक नमुना द्रवरूप पाऱ्याला टेकवायचा आणि उचलायचा. पारा घेतला, कारण घन पृष्ठभाग एकमेकांना सगळीकडे सारखे टेकत नाहीत. हे सगळं नायट्रोजनने भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, एक टक्क्याहूनही कमी आर्द्रतेत. पदार्थाचा मूळ गुण वेगळा काढायचा तर हाच मार्ग, हे मान्य. पण पुढे ती यादी अशा जनित्रांसाठी साहित्य निवडायला वापरली जाते, तिथे माझा आक्षेप आहे. जुलैत मुंबईची सापेक्ष आर्द्रता ऐंशीच्या वर असणं ही रोजची गोष्ट. पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसला की भार त्यातूनच निसटतो. याच दमटपणाने गिरणगावाला हात दिला होता : सूत कमी तुटायचं, धाग्यावर भार साठायचा नाही. तिथे जे वरदान, तेच इथे नुकसान.

कोरड्या पेटीत मोजण्याच्या या निर्णयामागे एक जुना, अजून न मिटलेला प्रश्नही आहे : एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर जातो तो इलेक्ट्रॉन, आयन, की पदार्थाचाच सूक्ष्म कण? कोरड्या पेटीत इलेक्ट्रॉनवाल्यांची बाजू सहज उजवी ठरते, कारण आयनांना हालचालीला लागणारं पाणीच तिथून काढून टाकलेलं असतं. 2011 मध्ये तर असं दिसलं की घासलेला पृष्ठभाग एकाच चिन्हाचा नसतो; धन आणि ऋण ठिपक्यांची त्यावर नक्षी असते.

म्हणून मला आयन साखळीलाच जोडलेले पॉलिमर महत्त्वाचे वाटतात. त्यांत एका चिन्हाचा आयन रासायनिक बंधाने जखडलेला असतो आणि विरुद्ध चिन्हाचा मोकळा. स्पर्शात मोकळा पलीकडे जातो, म्हणजे कोणत्या बाजूला कोणता भार येणार हे रचनेतच ठरवता येतं. भार आतवर अडकवला तर तो दमट हवेतही टिकतो. एन-95 मास्कच्या पॉलीप्रॉपिलीनच्या थरात भार असाच साठवलेला असतो. 2020 मध्ये घरोघरी ते मास्क साबणाने धुऊन गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातले गेले, पण धुतानाच त्यांचा भार उतरला होता. आर्द्रतेपेक्षा साबण आणि स्पिरिट त्याला जास्त घातक.

सध्या जनित्र सिलिकॉन रबरात बंद करून ओलावा बाहेर ठेवण्यावर भर आहे. ते चालतं, पण मग वापरलेल्या पॉलिमरची आर्द्र हवेतली क्रमवारी मोजायला फारसं कुणी घेत नाही. माझ्या मते ती 60, 80 आणि 90 टक्के आर्द्रतेवर वेगवेगळी मोजली पाहिजे.