मॉनिटर, निष्क्रिय : वीजबचत

संगणक चालू असूनही त्यावर काम होत नसताना त्याचा पडदा बंद करून किंवा अल्पवीज अवस्थेत नेऊन वीज वाचविण्याची पद्धत. हे काम बटण दाबून किंवा ठरावीक वेळेनंतर आपोआप होते.

या पद्धतीचा उगम पुष्कळदा स्क्रीनसेव्हरमध्ये, म्हणजे काम थांबले की पडद्यावरील चित्र झाकणाऱ्या वा बदलणाऱ्या आज्ञावलीत, शोधला जातो. जॉन सोचा यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘सॉफ्टॉक’ मासिकात प्रसिद्ध केलेली आज्ञावली पहिला स्क्रीनसेव्हर मानली जाते. मात्र १९७९ च्या अटारी ४०० व ८०० या संगणकांत काही काळ कळ न दाबल्यास पडद्यावरील रंग आपोआप बदलत, हे पाहता पहिलेपणाचा दावा जपूनच करावा. दोन्हींचा हेतू ऋणकिरण नलिकेच्या (जुन्या जाड पडद्याच्या, सीआरटीच्या) प्रकाश देणाऱ्या स्फुरदीपक लेपावर स्थिर चित्राचा कायमचा डाग पडू नये, हा होता. हलत्या चित्रांच्या स्क्रीनसेव्हरने तर वीज वाचत नाहीच, उलट संगणकाला काम लागते. म्हणून वीजबचतीचा आरंभ १९९२ च्या सुमारास धरणे अधिक सयुक्तिक. त्या वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘एनर्जी स्टार’ चिन्ह सुरू केले. श्रेय बहुधा त्यालाच दिले जाते, पण स्वीडनमधील कर्मचारी महासंघाच्या ‘टीसीओ ९२’ मानकातही पडदा आपोआप मंदावण्याची अट होती.

प्रत्यक्ष यंत्रणा १९९३ मध्ये ‘वेसा’ या पडद्यांची मानके ठरविणाऱ्या संघटनेच्या डीपीएमएस (पडद्याला वीजबचतीचे संकेत देण्याच्या) मानकाने निश्चित केली. तिच्यासाठी वेगळी तार लागत नाही. चित्र पडद्यावर जागच्या जागी जुळावे म्हणून त्याबरोबर जाणाऱ्या दोन सिंक संकेतांपैकी आडवा थांबला की ‘स्टँडबाय’, उभा थांबला की ‘सस्पेंड’ आणि दोन्ही थांबले की ‘ऑफ’, अशा या क्रमाने अधिक वीज वाचविणाऱ्या अवस्था. या शेवटच्या अवस्थेत नलिकेचा तापकही सहसा बंद होतो. त्यामुळे जुना पडदा पुन्हा उजळायला काही सेकंद घेई. पुन्हा चालू करताना जास्त वीज जाते, हा समज याच पडद्यांमुळे रुजला असावा. त्यांतील चुंबकत्व घालविणारे तारेचे वेटोळे सुरुवातीला मोठा प्रवाह घेते खरे, पण क्षणभरच.

जुना १७ इंची नलिका-पडदा सुमारे ८० वॉट घेई; रात्रभर, म्हणजे १४ तास, चालू राहिल्यास १.१२ युनिट. आजचा २० वॉटचा एलईडी पडदा तेवढ्याच वेळात ०.२८ युनिट घेतो. अशा द्रवस्फटिक (एलसीडी) पडद्यात वीज प्रामुख्याने मागच्या दिव्याला लागते. त्यामुळे पडदा काळा दिसला तरी, तो दिवा मंदावल्याशिवाय, बचत नगण्य असते. प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशणाऱ्या ओलेड पडद्यात मात्र काळा बिंदू प्रकाशच देत नाही.

बटणाने बंद केलेला मॉनिटरही थोडी वीज घेत राहतो. युरोपीय संघाच्या २००८ मधील १२७५ क्रमांकाच्या नियमाने या विजेची कमाल मर्यादा २०१३ पासून ०.५ वॉटवर आणली. हा वापर पूर्ण थांबवायचा तर भिंतीवरचा स्विच बंद करावा लागतो.