चार्जिंग परवानगीची फाईल परत का येते: पॅनेलमागची जागा आणि बाकीचे कागद

एचटी (उच्चदाब) जोडणीत पहिल्यांदा वीज सोडायला, म्हणजे ती 'चार्ज' करायला, विद्युत निरीक्षकाची परवानगी लागते. त्या परवानगीची फाईल त्रुटी निघून परत आली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुठला कागद राहिला?" कागद सगळे असतात हो. अडलेलं असतं पॅनेलच्या (म्हणजे स्विचबोर्डच्या) मागे, भिंतीपाशी, आणि तिथे तोवर प्लास्टर होऊन रंगही लागलेला असतो.

आधी हा अर्ज कोणाला करावा लागतो ते. 11, 22 किंवा 33 केव्हीवर (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वीज घेणारा कारखाना, रुग्णालय, मॉल, स्वतःचं सबस्टेशन असलेलं संकुल यांना वीज चालू करण्याआधी विद्युत निरीक्षकाची तपासणी आणि लेखी परवानगी लागते. मात्र राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या व्होल्टेजपर्यंतच्या विद्युत मांडणीला मालकाचं स्वयंप्रमाणन चालतं. पण स्वयंप्रमाणन म्हणजे नियमातून सुटका असं बरेच जण धरून चालतात. अंतरं तीच, अर्थिंग तेच, फक्त सही तुमची. उद्या काही झालं तर जबाबदारीही तुमचीच.

15 मीटरपेक्षा उंच इमारतीला आणखी एक अट आहे. वीजपुरवठा सुरू करण्याआधी निरीक्षकाला तपशिलासह किमान 30 दिवसांची लेखी सूचना द्यायची. ताबा द्यायला आठवडा उरला असताना ही सूचना घेऊन धावणारे बिल्डर मी पाहिले आहेत. शिवाय "तपशिलासह" हा शब्द तिथे उगाच नाही. नुसतं एक पानी पत्र देऊन दिवस मोजत बसू नका.

आता जागेविषयी. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत नियम 51 होता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या आणि त्यानंतर 2023 च्या सुरक्षा विनियमांत तीच अंतरं पुढे आली आहेत. स्विचबोर्डच्या समोर किमान 1 मीटर मोकळी जागा. मागच्या बाजूला जोडण्या किंवा उघडे वाहक असतील, तर मागची जागा 20 सेंटीमीटरपेक्षा कमी किंवा 75 सेंटीमीटरपेक्षा जास्त. मधलं काहीही चालत नाही.

हे ऐकलं की लोक चक्रावतात. 15 सेंटीमीटर चालतं आणि 50 चालत नाही? बरोबर, चालत नाही. 15 च्या फटीत माणूस शिरूच शकत नाही, म्हणून धोका नाही. 80 मध्ये शिरतो आणि काही झालं तर मागे सरकून बाहेर पडू शकतो. 50 मध्ये मात्र तो आडवा होऊन शिरतो, पाठ भिंतीला आणि छाती बसबारच्या (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) बाजूला. शॉक बसला तर मागे फेकलं जायलाही जागा नाही. हा नियम कुणीतरी विचार करून लिहिला आहे, त्याला बाबूगिरी म्हणू नका.

दुसरी गोम मोजण्यात आहे. मागची जागा पॅनेलच्या पत्र्यापासून मोजायची नसते. मागे सर्वात बाहेर आलेल्या भागापासून मोजायची. एका कारखान्यात नकाशावर 80 सेंटीमीटर दाखवलं होतं आणि भिंतीपासून पत्र्यापर्यंत ते भरतही होतं. निरीक्षकांनी टेपचं टोक मागे आलेल्या केबलच्या टर्मिनलवर ठेवलं. 71. मालक माझ्याकडे पाहत राहिले, मी ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार मोबाइलमध्ये. पॅनेलचे फाउंडेशन बोल्ट काढून बोर्ड पुढे सरकवावा लागला. पुढे सरकवल्यावर समोरचा 1 मीटर कमी पडला, मग समोरचं लोखंडी कपाट गेलं. केबलच्या लांबीचं जे झालं ते सांगत नाही.

मागे 75 च्या वर जागा दिली की आणखी एक अट लागू होते. बोर्डच्या टोकाकडून तिथे जाण्यायेण्याचा मार्ग 1.8 मीटर उंचीपर्यंत मोकळा हवा. जमिनीवर सगळं स्वच्छ असतं, पण दीड मीटरवर केबल ट्रे आडवी गेलेली असते. ती अडथळाच धरली जाते.

पॅनेल पूर्ण समोरून हाताळायचं असेल आणि मागे काहीच उघडं नसेल तर ते सरळ भिंतीला लावा, आणि नकाशावर "फक्त समोरून प्रवेश" असं लिहा. अर्धवट अंतर सोडून काहीच साधत नाही. समोरचा 1 मीटर हे किमान आहे हेही लक्षात ठेवा. ट्रॉलीवरचा ब्रेकर बाहेर ओढायचा असेल तर उत्पादकाच्या ड्रॉइंगमध्ये दिलेली जागा जास्त असू शकते, तेव्हा ती पाळा.

उघड्या सबस्टेशनला मोजमाप वेगळं. 11 केव्हीला कामाचं सुरक्षित अंतर 2.6 मीटर, 33 केव्हीला 2.8 मीटर आणि भोवती किमान 1.8 मीटर उंचीचं कुंपण. कुंपणाची उंची कमी भरते ती बहुधा नंतर भरलेल्या मुरमामुळे. आतून मोजा आणि बाहेरूनही.

कागदांपैकी बरेचसे एका ओळीत सांगता येतात: महावितरणचं भारमंजुरी पत्र, सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडणीचा एकरेषी आराखडा), मांडणीचा नकाशा, ट्रान्सफॉर्मर आणि ब्रेकरची उत्पादकाची चाचणी प्रमाणपत्रं, काम पूर्ण झाल्याचा अहवाल, ग्रासवर (सरकारी शुल्क ऑनलाइन भरण्याच्या प्रणालीवर) भरलेल्या शुल्काचं चलन. नकाशा आधी मंजूर करून घ्या, काम नंतर. उलट केलंत तर मंजूर नकाशा एक आणि जागा दुसरी असं होतं, आणि त्रुटिपत्रात पहिली ओळ तीच असते.

त्रास देणारे कागद दोन. पहिला ठेकेदाराचा. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराने आणि प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली केलेलं असावं लागतं. परवान्याची मुदत अर्जाच्या दिवशी शिल्लक आहे का ते सगळे पाहतात, पण काम ज्या काळात झालं त्या काळात ती होती का ते कुणी पाहत नाही. कामाला हात लावण्याआधीच परवान्याची आणि पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राची प्रत मागून ठेवा. नंतर ठेकेदार फोन उचलत नाही.

दुसरा चाचणी अहवालाचा. आठ अर्थपिट (अर्थिंगसाठी जमिनीत केलेले खड्डे) आणि आठही ठिकाणी रोध 0.8 ओहम? असं जमिनीत होत नाही, आणि निरीक्षकांनी आयुष्यभर हेच आकडे पाहिलेले असतात. प्रत्येक पिट स्वतः उभं राहून मोजून घ्या आणि पिटवर क्रमांक रंगवा. 250 व्होल्टच्या वरच्या उपकरणाच्या फ्रेमला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या लागतात, दोन पट्ट्या एकाच बोल्टला बांधल्या तर त्या एकच धरल्या जातात.

तपासणीच्या दिवशी खोली रिकामी ठेवा. रंगाचे डबे, जुन्या ट्यूब, झाडू, वॉचमनची खाट, हे सगळं त्या 1 मीटरमध्येच येतं. मराठीतली धोक्याची पाटी, शॉकवरच्या प्रथमोपचाराचा तक्ता आणि पॅनेलसमोर रबरी मॅट विसरू नका. केबलच्या डक्टमधून पाण्याचा पाइप जात असेल तर उंच इमारतीची फाईल तिथेच अडेल. तो पाइप आधी वळवा. प्रत्येक मजल्यावर डक्ट आगरोधकाने बंद केलेला आहे का तेही पाहा.

निरीक्षकाचा निर्णय चुकीचा वाटला तर विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 162 खाली सरकारकडे अपील करता येतं. त्यातही वेळ जातो, म्हणून साध्या त्रुटीसाठी तिकडे जाण्याआधी एकदा टेप घेऊन बघाच.

परवानगी मिळाल्यावर दोन मुदती चुकीच्या वाचल्या जातात. नियतकालिक तपासणीतली 5 वर्षं ही कमाल मर्यादा आहे, सरकार त्याहून कमी अंतर ठरवू शकतं, त्यामुळे आपल्या वर्गाला काय लागू आहे ते कार्यालयातून लेखी विचारून घ्या. दुसरी सहा महिन्यांची. मांडणी 6 महिने किंवा त्याहून जास्त काळ बंद राहिली तर जुन्या परवानगीवर पुन्हा चार्ज करता येत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी. बंद पडलेला कारखाना विकत घेणारे नवे मालक इथेच अडकतात, कारण जुन्या मालकाने हातात दिलेली परवानगी खरी असते, फक्त मधल्या बंद काळाने ती निरुपयोगी झालेली असते. व्यवहार करताना वीजबिलं मागून घ्या. शेवटचा वापर कोणत्या महिन्यात झाला ते तिथे दिसतं.