ड्रग्जच्या कायद्यात अडकलेलं मॉर्फिन

ड्रग पॉलिसी बदलायची म्हटलं की सगळ्यांना आधी गांजा आठवतो. उरुग्वेने 2013 मध्ये कायदेशीर केला, कॅनडाने 2018 मध्ये, मग बाकीच्यांनी करावा का, यावर वाद सुरू. पण मला या सगळ्यात जास्त टोचते ती मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामक औषधाची गोष्ट, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

मूळ आहे संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थांबद्दलच्या 1961 च्या करारात. बऱ्याच जणांना वाटतं हा करार म्हणजे नुसती बंदी. तसं नाहीये! प्रस्तावनेतच लिहिलंय की वेदना कमी करायला ही औषधं लागणारच आणि ती मिळतील अशी सोय देशांनी करायची. म्हणजे कामं दोन होती, चोरटा धंदा रोखा आणि पेशंटला औषध पोचवा. पहिल्या कामाला पोलीस, तुरुंग, सैन्य सगळं लागलं, दुसरं मात्र मागेच राहिलं. 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या कमिशनने हिशोब मांडला, तर जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या सुमारे 299 टन ओपिऑइड औषधांपैकी (म्हणजे मॉर्फिन आणि त्याच्यासारखी औषधं, सगळी मॉर्फिनच्या ताकदीच्या मापात मोजून) सगळ्यात गरीब देशांना मिळत होते जेमतेम 100 किलो. कॅन्सर हाडात गेलेला माणूस तिथे काय सोसत असेल, विचार करा.

मॉर्फिन जुनं, स्वस्त औषध आहे. मेंदूत आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत ओपिऑइड रिसेप्टर (पेशींवरच्या, औषध जिथे बसतं त्या जागा) असतात, त्यांना ते चिकटलं की वेदनेचा सिग्नल मंदावतो. पण तसेच रिसेप्टर श्वास चालवणाऱ्या भागातही असतात, म्हणून डोस फार झाला की श्वास थांबून माणूस जातो. नॅलोक्सोन नावाचं औषध त्याच रिसेप्टरवर जास्त घट्ट बसतं आणि ओपिऑइडला ढकलून देतं, त्यामुळे वेळेत दिलं तर माणूस परत श्वास घ्यायला लागतो. शिवाय रोज मॉर्फिन घेणाऱ्या पेशंटच्या शरीराला त्याची सवय होते, डोस वाढवावा लागू शकतो, पण याला व्यसन म्हणत नाहीत. त्रास होत असूनही आवरता न येणारी ओढ म्हणजे व्यसन. कायदे करताना या दोन्हींची सरमिसळ झाली आणि डॉक्टर लिहून द्यायलाच घाबरायला लागले.

भीती अगदीच खोटी नाहीये. अमेरिकेत 1990 च्या दशकात कंपन्यांनी ओपिऑइड गोळ्यांचा जोरदार प्रचार केला, व्यसन पसरलं, नंतर गोळ्यांवर लगाम आला तेव्हा बरेच जण हेरॉइनकडे वळले आणि पुढे बाजारात फेंटानिल नावाचं कृत्रिम ओपिऑइड आलं, जे हेरॉइनपेक्षा साधारण 50 पट तीव्र. स्मगलरला तेच परवडतं, कारण छोट्याशा पुडीत भरपूर डोस लपवता येतात!

युगांडाने मात्र मधला रस्ता काढला. डॉक्टर कमी होते, म्हणून 2004 मध्ये नियम बदलून खास ट्रेनिंग घेतलेल्या नर्सना मॉर्फिन लिहून द्यायची परवानगी दिली, पावडरपासून पातळ औषध देशातच बनवलं आणि ते पेशंटच्या घरापर्यंत पोचायला लागलं. करार मोडावा लागला नाही, तोच करार पूर्ण वाचला एवढंच.

2025 मध्ये व्हिएन्नाला संयुक्त राष्ट्रांच्या ड्रग्ज आयोगाच्या बैठकीत अमेरिकेचा विरोध असतानाही कोलंबियाचा ठराव पास झाला, या सगळ्या व्यवस्थेचा आढावा घ्यायला स्वतंत्र तज्ज्ञांचं पॅनल नेमायचं ठरलं. त्यात मरणाच्या दारातल्या पेशंटची वेदना रोज बघणारा एखादा तरी डॉक्टर असायलाच हवा.