फ्रीझरवरचा आकडा आणि आतलं तापमान

२०१२ च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतल्या मॅक्लीन हॉस्पिटलमधल्या मेंदूपेढीत एक फ्रीझर बंद पडलेला आढळला. बाहेरच्या पडद्यावर आकडा होता उणे ७९. आत प्रत्यक्षात होतं अधिक ७ अंश सेल्सियस, म्हणजे भाजी ठेवायच्या कप्प्याइतकं. संशोधनासाठी जपलेले सुमारे दीडशे मेंदूंचे नमुने त्यात होते आणि त्यातला तिसरा हिस्सा स्वमग्नतेच्या अभ्यासासाठी राखलेला होता. धोक्याची सूचना देणाऱ्या दोन वेगळ्या यंत्रणा बसवलेल्या होत्या. दोन्ही वाजल्या नाहीत.

संशोधन संस्थेच्या इमारतीतली उपकरणांवरची देखरेख आणि वातानुकूलन यांचं नूतनीकरण करायचं ठरलं, की बोलणं लगेच नव्या चिलरवर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रावर) आणि नियंत्रण कक्षातल्या भिंतभर पडद्यावर येतं. ते लागतंच. पण माझं म्हणणं असं की पहिला खर्च अशा सेन्सरवर व्हावा, जो यंत्राचा स्वतःचा नाही. फ्रीझरमधला मूळ सेन्सर त्याच्या कंट्रोलरला, म्हणजे यंत्र चालू-बंद करणाऱ्या भागाला, जोडलेला असतो आणि पडद्यावरचा आकडाही बहुधा तिथूनच येतो. हा सेन्सर चुकीचं सांगू लागला तर कंट्रोलर त्या चुकीच्या आकड्यावरच काम करतो आणि पडद्यावर सगळं आलबेल दिसतं. उत्तरपत्रिका लिहिणाऱ्यानंच ती तपासावी तसा हा कारभार. म्हणून देखरेखीचा प्रोब (आत ठेवायची तापमान मोजणारी कांडी) वेगळा, त्याची वायर वेगळी, त्याला लागणारी वीज वेगळ्या यूपीएसवरून आणि निरोप पाठवायचा मार्गही इमारतीच्या नेटवर्कवर अवलंबून नसलेला असावा. वीज गेली की नेटवर्कचा स्विचही बंद पडतो, हे बऱ्याच जणांच्या वीज गेल्यावरच लक्षात येतं.

असा प्रोब बहुधा प्लॅटिनमच्या बारीक तारेचा असतो. ० अंशाला तिचा विद्युतरोध १०० ओहम, १०० अंशाला १३८.५ ओहम, आणि उणे ८० ला साधारण ६८.३ ओहम. म्हणजे एका अंशाला ०.४ ओहमहूनही कमी फरक. आता प्रोबपासून यंत्रापर्यंतच्या वायरीचा एखादा जोड गंजला आणि तिथे १ ओहम वाढला, तर तापमान अडीच अंशांनी जास्त दिसू लागतं, फ्रीझरमध्ये काहीही झालेलं नसताना. यावर उपाय जुना आहे: दोनऐवजी चार वायरींची जोडणी करायची, म्हणजे वायरींचा रोध हिशेबातून वजा करता येतो.

प्रोब कुठे ठेवला हेही तितकंच महत्त्वाचं. तो नुसता हवेत लोंबत असेल तर दार उघडलं की आकडा झपकन चढतो, पण नळ्यांमधले नमुने तितके गरम झालेले नसतात. दिवसातून दहा वेळा खोटा अलार्म वाजतो आणि अकराव्या वेळी कुणी मान वर करून बघत नाही. म्हणून साध्या फ्रिजमध्ये प्रोब ग्लायकॉल या सहज न गोठणाऱ्या द्रवाच्या छोट्या बाटलीत बुडवतात आणि अतिशीत (उणे ८० च्या) फ्रीझरमध्ये काचेच्या मण्यांत किंवा धातूच्या ठोकळ्यात बसवतात. मग तो हवेचं नव्हे, नमुन्याला जाणवणारं तापमान सांगतो.

कारखान्यांमध्ये वर्षानुवर्षं रुळलेली एक युक्ती इथे उपयोगी पडते. मोजमापाचा संदेश ४ ते २० मिलिअँपिअरच्या विद्युतप्रवाहातून पाठवायचा. सर्वांत कमी मापाला शून्य नव्हे, ४ मिलिअँपिअर. प्रवाह खरोखर शून्यावर आला तर समजायचं की वायर तुटली. ‘तापमान कमी आहे’ आणि ‘मला काहीच कळत नाही’ या दोन निरोपांतला फरक इतक्या स्वस्तात मिळतो. नव्या डिजिटल यंत्रणांमध्ये मात्र सेन्सर मूक झाला तरी शेवटचा आकडाच पडद्यावर तसाच राहिलेला असतो, असं घडू शकतं. नवी यंत्रणा घेताना विक्रेत्याला हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा: सेन्सर काढून घेतला तर पडद्यावर काय दिसेल?

अलार्म ऐकणाऱ्या माणसाचाही विचार करावा लागतो. अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये २०२० साली एक उणे ८० चा फ्रीझर दुरुस्तीची वाट पाहत बीप-बीप करत होता. हलवू नका, बंद करू नका, आवाज नको असेल तर अमुक बटण दाबा, अशी सूचना त्यावर लावलेली होती. संस्थेनं पुढे दाखल केलेल्या दाव्यानुसार, त्या आवाजाला कंटाळलेल्या सफाई कर्मचाऱ्यानं विजेचा ब्रेकरच खाली ओढला. तापमान उणे ३२ पर्यंत चढलं आणि बरीच वर्षं जमवलेले नमुने खराब झाले. मी यात त्या कर्मचाऱ्याला दोष देणार नाही. जो आवाज दिवसेंदिवस वाजतो आणि ज्यावर कुणी येत नाही, तो ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं नुसता त्रास असतो. अलार्म फ्रीझरपाशी नव्हे, ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याच्या फोनवर वाजायला हवा. त्यानं ठरावीक वेळात ‘पाहिलं’ असं कळवलं नाही तर दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या.

चांगली देखरेख बिघाडाच्या आधीच सावध करू शकते. अतिशीत फ्रीझरमध्ये सहसा दोन कॉम्प्रेसर असतात: पहिला दुसऱ्याच्या वायूला थंड करतो आणि दुसरा कप्प्याला. उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या जाळीवर धूळ साचली की आतलं तापमान लगेच बदलत नाही. कॉम्प्रेसर जास्त वेळ चालून ते राखतो. पूर्वी तासातून चाळीस मिनिटं चालणारं यंत्र पन्नास मिनिटं चालायला लागतं, मग अखंड. तापमानाच्या आलेखावर हे सगळं सरळ रेषेसारखं दिसतं. ओढला जाणारा विद्युतप्रवाह मोजत असाल तर मात्र आजार कधी सुरू झाला ते दिसतं. वायरीभोवती अडकवायचा साधा करंट सेन्सर पुरतो, फ्रीझर उघडावाही लागत नाही.

याच ठिकाणी उपकरणांची देखरेख आणि इमारतीचं हवामान एकमेकांत गुंततात. जुन्या धाटणीचा मोठा अतिशीत फ्रीझर दिवसाला २० युनिटच्या आसपास वीज खातो, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. असे २० फ्रीझर एका खोलीत म्हणजे १६ किलोवॉटहून मोठा हीटर रात्रंदिवस चालू. खोली तापली की कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकणं जड जातं, कॉम्प्रेसर जास्त चालतो, खोली आणखी तापते. फ्रीझर बंद पडतो तेव्हा कंपनीला बोलावलं जातं, आणि मूळ दोष छतातल्या बंद डॅम्परमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेतल्या झडपेत, असतो.

मोजमापाच्या प्रयोगशाळेत तर हवा हीच उपकरणाचा भाग असते. लांबी मोजण्यासाठीचं जागतिक प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस आहे. १ मीटर लांबीची पोलादी पट्टी एका अंशाच्या फरकानं साडेअकरा मायक्रोमीटरनं वाढते, म्हणजे जिथे एका मायक्रोमीटरचं भांडण आहे तिथे दहावा भाग अंशसुद्धा मोजावा लागतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला एखादा अंश जास्त की कमी याचं फारसं काही नसतं, पण तापमान तासाभरात किती हललं याचं असतं. तापमान सरकलं की चित्र सरकतं. अशा खोलीत जोरदार वातानुकूलन लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, कारण वाऱ्याचा झोत आणि पंख्याची थरथर तापमानापेक्षा जास्त नुकसान करतात. म्हणून तिथे भिंतीतल्या थंड पाण्याच्या पट्ट्यांनी, हवा फारशी न हलवता, उष्णता शोषून घेतात.

रसायनशास्त्राच्या मजल्यावर वेगळंच गणित असतं. विषारी वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडच्या तोंडाशी हवेचा वेग साधारण सेकंदाला अर्धा मीटर लागतो, आणि ही हवा पुन्हा वापरता येत नाही. जितकी बाहेर फेकली तितकी ताजी हवा आत घेऊन, थंड करून, कोरडी करून पुरवावी लागते. अशा इमारतीत खोलीतली सगळी हवा तासाला सहा ते बारा वेळा बदलते. विजेच्या बिलाचं मूळ इथे आहे. पंख्याला लागणारी शक्ती हवेच्या प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे प्रवाह २० टक्क्यांनी घटवला की शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. हूडची काच खाली ओढलेली असताना प्रवाह आपोआप कमी करणारी यंत्रणा म्हणूनच नूतनीकरणात लवकर पैसे वसूल करून देते. अट एवढीच, की बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर आत येणारी हवाही काही सेकंदांत घटली पाहिजे आणि खोलीतला दाब बाहेरच्या मार्गिकेपेक्षा किंचित कमीच राहिला पाहिजे. नाहीतर वाफा दाराच्या फटीतून बाहेर.

आणखी एक गळती सहज नजरेत येत नाही. हवेतली आर्द्रता काढायला मध्यवर्ती यंत्र हवा १२-१३ अंशांपर्यंत थंड करतं, पाणी निथळतं, आणि मग प्रत्येक खोलीच्या तोंडाशी हीच हवा पुन्हा तापवली जाते. थोडं तापवणं अटळ आहे. पण मजल्यावरची एकच खोली फ्रीझरनी भरलेली असेल आणि तिच्यासाठी सगळ्यांनाच जास्त थंड हवा सोडली, तर उरलेल्या खोल्या दिवसभर हीटर लावून बसतात. त्या एका खोलीला थंड पाण्यावरचं स्वतंत्र युनिट द्यावं आणि इतरांना सुखानं राहू द्यावं.

खोलीतलं तापमान मोजून दूरवरची यंत्रं हलवायची ही कल्पना काही आजची नाही. १८८३ साली विस्कॉन्सिनमधल्या वॉरन जॉन्सन या शिक्षकानं वर्गातलं तापमान तळघरात कळवणाऱ्या विजेवरच्या उपकरणाचं पेटंट घेतलं. तोवर शिपाई वर्गावर्गात फिरून तापमापक बघायचा आणि तळघरात जाऊन झडपा फिरवायचा. नंतर कितीतरी इमारतींत दाबाखालच्या हवेच्या बारीक नळ्यांनी ही कामं केली, आणि काही ठिकाणी त्या नळ्या अजून फुसफुसत आहेत. त्या काढून डिजिटल कंट्रोलर बसवणं हे आजच्या नूतनीकरणातलं नेहमीचं काम.

कठीण भाग असतो चालू इमारतीत ते करण्याचा. प्रयोग थांबवता येत नाहीत, म्हणून जुनी आणि नवी यंत्रणा काही आठवडे शेजारी शेजारी चालवून आकडे ताडून बघतात. प्रत्येक सेन्सर हातानं तपासावा लागतो: एक जण खोलीत प्रोब बर्फाच्या पाण्यात बुडवतो, दुसरा पडद्यासमोर फोन कानाला लावून ० दिसतोय का ते सांगतो. कंटाळवाणं काम आहे आणि मुदत जवळ आली की पहिली कात्री यालाच लागते. पण शेजारच्या दोन खोल्यांच्या वायरी अदलाबदल झाल्या असतील तर ते इथेच सापडतं. न सापडल्यास काय होतं बघा. पहिली खोली तापते, थंडावा दुसरीत जातो. दुसरी गारठते, ऊब पहिलीत जाते. दोन्ही कंट्रोलर चोख काम करतात आणि दोन्ही खोल्या हाताबाहेर जातात. तक्रार आल्यावर येणारा तंत्रज्ञ कंट्रोलर बदलतो, तरीही काही सुधारत नाही. भिंतीवरच्या सेन्सरखाली कुणी सेंट्रीफ्यूज (नमुने गरगर फिरवणारं, चालताना तापणारं यंत्र) आणून ठेवतं आणि अख्खी खोली थंडीनं कुडकुडते, हे त्याचंच छोटं भावंड.

शेवटची चाचणी सुट्टीच्या दिवशी, रात्री घ्यावी. न सांगता एक प्रोब बाहेर काढायचा आणि माणूस फ्रीझरसमोर उभा राहीपर्यंत किती वेळ जातो ते मोजायचं. तो वेळ, नमुने सुरक्षित राहण्याच्या वेळेपेक्षा कमी हवा. २०२३ च्या नाताळच्या सुट्टीत स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये नमुने गोठवून ठेवणाऱ्या १६ टाक्यांना होणारा द्रवरूप नायट्रोजनचा पुरवठा तुटला. टाक्या चार दिवस तग धरू शकत होत्या. पुरवठा पाच दिवस बंद राहिला आणि काही दशकांचे नमुने गेले.

माणूस वेळेवर पोहोचला तरी नमुने हलवायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. गरम पडलेला रिकामा फ्रीझर उणे ८० पर्यंत उतरायला कित्येक तास घेतो, म्हणून राखीव फ्रीझर आधीपासून थंडच ठेवावा लागतो. रिकामं यंत्र वर्षभर चालवण्याचा खर्च हिशेब विभागाला कधीच पटत नाही. त्यातही एक वेगळा प्रोब लावलेला असावा.