बाटलीतल्या क्लीनरने कार्बोरेटर साफ होतो का?

पद्मिनी, अँबॅसिडर जिवापाड जपणाऱ्यांना टाकीत ओतायच्या क्लीनरकडून फार आशा असते. तो उपयोगी आहे, पण कार्बोरेटर, म्हणजे जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारा भाग, खोलायचं काम तो वाचवेलच असं नाही.

पेट्रोलमध्ये ओलेफिन नावाची हायड्रोकार्बनं असतात. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांचा हळूहळू चिकट गोंद बनतो. फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरमधल्या छोट्या साठवण-कप्प्यातलं, पेट्रोल इंजिनाच्या उष्णतेने उडून जातं, गोंद मागे राहतो. महिनोन्‌महिने उभ्या गाडीचा कार्बोरेटर खोलला, की तळाशी तपकिरी, कडक, चकचकीत थर दिसतो आणि शिळ्या पेट्रोलचा आंबूस दर्प नाकात जातो. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणाऱ्या (आयडलिंगच्या) जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक पितळी नळीचं, भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यात नुसती साय धरली, तरी पेट्रोल कमी पडतं आणि सिग्नलला गाडी बंद पडते.

क्लीनरमधल्या डिटर्जंटच्या रेणूचं नायट्रोजन असलेलं टोक मळाला धरतं आणि लांब शेपूट पेट्रोलमध्ये राहतं. साबण तेलकट भांडं धुतो तसंच. अमेरिकेत १९५०च्या दशकापासून कार्बोरेटरसाठी अशी डिटर्जंटं पेट्रोलमध्ये मिसळली जाऊ लागली. नेहमी धावणाऱ्या गाडीत ती नवा मळ बसू देत नाहीत, मऊ थरही काढतात. पण हे सगळं पेट्रोल वाहतं तिथेच. जेट पूर्ण बुजला असेल, तर औषध तिथवर पोचणार कसं? तो काढून सॉल्व्हंटमध्ये भिजवायचा आणि हवेच्या प्रेशरने साफ करायचा. त्यात तार मात्र कधीही घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मिश्रणाचं गणित कायमचं बिघडतं.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी धरून ठेवतं. त्यामुळे जस्ताच्या मिश्रधातूच्या बॉडीवर पांढरी भुकटी धरते. हे धातूचं क्षरण आहे, डिटर्जंटने ते जात नाही. जुने रबरी डायफ्रॅम (पातळ पडदे) आणि पाइप इथेनॉलने फुगतात, त्यावरही बाटलीत उपाय नाही; इथेनॉल सोसणारे सुटे भाग बसवावे लागतात.

पावसाळाभर गाडी झाकून ठेवणाऱ्यांनी मी म्हणेन क्लीनरपेक्षा स्टॅबिलायझरवर, म्हणजे पेट्रोल टिकवणाऱ्या रसायनावर, पैसे घालावेत. त्यातले ऑक्सिडीकरणरोधक गोंद बनण्याची साखळीच तोडतात. ते ताज्या पेट्रोलमध्येच घालायचं, बाटलीवर लिहिलं आहे तेवढंच, आणि मग इंजिन थोडा वेळ चालवायचं, म्हणजे ते टाकीतून फ्लोट चेंबरपर्यंत उतरतं.